घरात पक्षी आहेत, डोशाचा तवा कोणता घ्यावा?

मिरची_लिंबूची_आई, डोंबिवली

नमस्कार मंडळी. आमच्याकडे बजी या छोट्या परदेशी पाखरांची जोडी आहे, मिरची आणि लिंबू (रंग ओळखलेच असतील), आणि बंड्या नावाचा कॉकेटिल. घर वनबीएचके. स्वयंपाकघराला दार नाही, नुसती कमान. पिंजरा हॉलच्या खिडकीशी, म्हणजे गॅसच्या ओट्यापासून फार तर दहा-बारा फुटांवर.

नवऱ्याने सेलमध्ये तीन भांड्यांचा सेट मागवलाय. डोसा तवा, कढई आणि फ्रायपॅन. काळ्यावर पांढरे ठिपके, नाव 'ग्रॅनाइट फिनिश', खोक्यावर हिरव्या पानाचं चित्र आणि खाली ठळक अक्षरांत 'पीएफओए-फ्री'. सासूबाई खूश आहेत, कारण जुन्या तव्याचं कोटिंग उडालंय आणि डोसा निघता निघत नाही. मी मात्र खोकं अजून उघडू दिलेलं नाही. बंड्याला आणलं तेव्हा दुकानदार पैसे मोजता मोजता म्हणाला होता, "ताई, नॉनस्टिक जपून हां." का, ते त्यालाही नीट सांगता आलं नव्हतं.

घरात आता दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, फ्री लिहिलंय ना, विषय संपला. सासूबाई म्हणतात, पाखरांपायी आम्ही डोसे सोडायचे का? मला एवढंच कळायला हवंय की हा ग्रॅनाइट प्रकार चालेल का, नसेल तर डोसे-घावन-पोळ्या सगळ्याला पुरेल असं काय घ्यावं, आणि सँडविच टोस्टर-इस्त्री वगैरेंचीही भीती आहे का. कृपया "पक्षी पाळूच नका" हा सल्ला देऊ नका, तो माहेरून मिळालाय.

रानवाटा

आधी एक विचारतो, पोपट नाही ना? आपला हिरवा, गळ्यात कंठ असलेला पोपट घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बजी, कॉकेटिल हे परदेशी, त्यांचं वेगळं. बाकी तव्यातलं मला कळत नाही.

मिरची_लिंबूची_आई

नाही हो, पोपट नाही.

बोरिवलीची_माई

खोकं उघडू नकोस. परत करायची मुदत बघ आणि परत पाठव. मग बाकीचं वाच.

ग्रॅनाइट म्हणजे दगड नाही गो. आत अ‍ॅल्युमिनियमचं भांडं आणि वर ठिपके मारलेलं कोटिंग. ते कोटिंग बहुतेक वेळा पीटीएफईच, ज्याला आपण टेफ्लॉन म्हणत आलो. ग्रॅनाइट, मार्बल, स्टोन, डायमंड ही त्याची सासरची नावं. माहेरचं नाव खोक्यावर कुणी छापत नाही.

आता ते पीएफओए. ते कोटिंग बनवताना वापरायचं वेगळं रसायन होतं. ते काढलं, उत्तम केलं. पण पाखरू मरतं ते पीटीएफई जास्त तापल्यावर सुटणाऱ्या वाफेने, आणि पीएफओए काढलं म्हणून ती वाफ थांबत नाही. खोक्यावर 'पीटीएफई-फ्री' असं कुठे लिहिलंय का बघ. नसणार. नवऱ्याला सांग, फ्री दोन प्रकारचं असतं आणि तुमच्या खोक्यावर आपल्या उपयोगाचं नाही.

किती तापलं म्हणजे जास्त? साधारण २६० अंशांच्या पुढे कोटिंग बिघडायला लागतं. मोठ्या आचेवर रिकामा पातळ तवा दोन ते पाच मिनिटांत तिथे पोचू शकतो. भाजी-आमटी शिजते तोवर आत पाणी असतं, त्यामुळे तापमान शंभरच्या आसपास अडकतं आणि काही होत नाही. म्हणून तर लोक म्हणतात, आमच्याकडे कधी काही झालं नाही.

पण मला राग येतो तो त्या पॅनबरोबर येणाऱ्या चिटोऱ्यावरच्या सल्ल्याचा. 'भांडे रिकामे तापवू नये.' अहो, त्यांचं एक अंडं असतं, ते टाकलं की झालं! आपल्याकडे तवा रिकामाच तापतो. पोळी कोरड्या तव्यावर पडते. एक उतरली की दुसरी लाटून होईपर्यंत तवा मोकळा, खाली जाळ तसाच. दाणे भाजायचे, रवा भाजायचा, भाजणीची धान्यं भाजायची, पापड भाजायचा. त्यात बेल वाजते, दूधवाला सुट्टे मागतो. हे सगळं कोटिंगच्या भांड्यात, दार नसलेल्या स्वयंपाकघरात, आणि दहा फुटांवर तुझा बंड्या शीळ घालतोय. मी इथे "जपून वापर" म्हणणार नाही. जपून कुणी वापरत नाही. सकाळी सातला डबे भरताना तर नाहीच.

घे काय? बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा तवा. आम्ही कुडाळकडचे, आमच्याकडे घावनांना दुसरं काही वापरलेलं मी पाहिलं नाही. जरा खोलगट, जाडजूड, दोन कानांचा. नवीन तवा आणलास तर आधी घासून तांदळाच्या धुवणात बुडवून ठेव, रोज पाणी बदल, काळं सुटायचं कमी झालं की कोरडा करून तेल लावून तापव, पुस, पुन्हा लाव. तयार सीझन केलेलेही मिळतात हल्ली, ते सोपं.

आणि इथे नीट ऐक, कारण बिडाचा तवा घ्या म्हणणारे हे सांगत नाहीत. तव्याला तेल पाजताना घरभर निळसर धूर होतो, आणि तो धूरही पाखरांना वाईट. माझे कॉकेटिल घरात असताना मी नवीन तवा पहिल्यांदा तापवलाच नाही. विरारला बहिणीच्या गच्चीवर शेगडी लावून ते काम उरकलं. तिच्या शेजारच्यांनी विचारलं, काय जळतंय? तव्याची मुंज, म्हटलं.

रोजच्या घावनाचं तंत्र असं. तवा मध्यम आचेवर पुरता तापू दे. मिठाच्या पाण्याचा हबका मार. पाणी तिथेच बसून फसफसलं तर कमी तापलाय, थेंब गोळ्या होऊन पळाले तर जास्त, आणि चर्र करून लगेच उडालं की बरोबर. नारळाच्या शेंडीचा बोळा तेलात बुडवून फिरव, शेंडी नसेल तर अर्धा कांदा काट्याला टोचून. पीठ पातळ, कडेकडून मध्याकडे ओत. झाकण ठेव. आता उलथणं हातात धरून उभी राहू नकोस. कड आपोआप सुटते, जाळी कोरडी दिसते, तवा जरा हलवला की घावन सरकतं. त्याआधी खालून उलथणं घातलंस तर फाटणार आणि दोष तव्याला जाणार. पहिलं एक चिकटतंच, ते मांजराचं.

बिडात चिंच, टोमॅटो, कोकम शिजवू नकोस, चव येते आणि तेलाचा थर जातो. आमटी-भाजीला जाड बुडाचं स्टील. सासूबाईंना बीड उचलायला जड जात असेल तर पोळ्यांना साधा लोखंडी तवा वेगळा ठेव.

सडेतोड_सोलापूर

माई, एवढं घाबरवू नका पोरीला. आमच्याकडे लव्हबर्ड आहेत, पिल्लंसुद्धा झाली. घरात नॉनस्टिक कढई, नॉनस्टिक तवा सगळं आहे. एक पीसही हललं नाही. हे सगळं परदेशी फॅड.

बोरिवलीची_माई

पिंजरा कुठे असतो तुमचा?

सडेतोड_सोलापूर

गच्चीवर.

बोरिवलीची_माई

आणि भाकरी कशावर करता?

सडेतोड_सोलापूर

भाकरी लोखंडी तव्यावरच. नॉनस्टिकवर कडक भाकरी होती का कुठं?

बोरिवलीची_माई

झालं तर मग. पाखरं वाऱ्यावर आणि कडक जाळ लोखंडाला. परदेशी फॅड तुम्ही सोलापुरात न कळता पाळताय. डोंबिवलीच्या वनबीएचकेला गच्ची नसते.

अंबडचा_घनश्याम, नाशिक

मी एमआयडीसीत कोटिंगच्या कारखान्यात आहे. भांड्यांच्या नाही, मशीनच्या सुट्या भागांच्या, पण माल तोच. माईंनी सांगितलं ते बरोबर आहे, थोडी भर घालतो.

पीटीएफईचं कोटिंग भट्टीत साडेतीनशे अंशांच्या वर नेऊनच पक्कं करतात. म्हणजे एवढ्या तापमानाला ते वितळून पळतं असं नाही, थोडा वेळ टिकतं. पण तिथे भट्टीला एक्झॉस्ट असतो, आत कुणी उभं राहत नाही. तुमच्या ओट्यावर तसं काही नसतं. तापत गेलं की त्यातून फ्लोरिनयुक्त वायू आणि डोळ्यांना न दिसणारे बारीक कण सुटतात. सुरुवातीला ना धूर दिसतो ना वास येतो, त्यामुळे "वास आला की गॅस बंद करीन" हे मनात धरू नका.

माणसांनाही होतं. आमच्या धंद्यात त्याला पॉलिमर फ्यूम फीवर म्हणतात. हाताला कोटिंगची भुकटी लागलेली असताना सिगारेट ओढली, तर पेटत्या टोकाशी ती भुकटी जळते आणि काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, छाती जड होते. एक-दोन दिवसांत उतरतो. म्हणून शॉपफ्लोअरवर बिडी-सिगारेट नेऊच देत नाहीत. माणूस अंगावर काढतो. पक्ष्याला ती सोय नाही.

सिरॅमिकबद्दल कुणी विचारेलच. खरं सिरॅमिक कोटिंग वाळूच्या जातीचं, सिलिकाचं असतं. त्यात फ्लोरिन नसतं, म्हणून पक्ष्यांच्या दृष्टीने ते बरं. अडचणी दोन. एक, त्याचा गुळगुळीतपणा लवकर जातो, मग डोसा पुन्हा चिकटतो आणि तुम्ही नवीन आणता. दोन, पीटीएफईमध्येच थोडी सिरॅमिकची पूड घालून 'सिरॅमिक' म्हणून विकतात. कंपनीला ईमेलवर सरळ विचारा: या कोटिंगमध्ये पीटीएफई किंवा दुसरं कुठलं फ्लोरोपॉलिमर आहे का? "आमची उत्पादने सुरक्षित आहेत" एवढंच उत्तर आलं तर ते 'हो' समजा.

हार्ड अ‍ॅनोडाइज्ड भांड्यांतही असाच घोळ आहे. अ‍ॅनोडायझिंग म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्याच पृष्ठभागावर वीज वापरून आणलेला कडक थर, त्यात वाईट काही नाही. पण बऱ्याच भांड्यांना आतून त्यावर नॉनस्टिक मारलेलं असतं. बाहेरची राखाडी बाजू आणि आतली काळी चकचकीत बाजू वेगळी दिसली की ओळखा.

इंडक्शन असेल तर आणखी सांभाळा. पातळ बुडाचा रिकामा पॅन त्यावर गॅसपेक्षा झटकन तापतो.

बजीवाला_कोथरूड

आमच्या मजल्यावरचीच गोष्ट. मागच्या खोलीत फिंचेस (चिमुकली पाखरं) होत्या, दार उघडं. काकूंनी पापड भाजायला नॉनस्टिक पॅन ठेवला आणि कुरिअरवाला आला. ओटीपी येईना, तो शोधण्यात गेला वेळ. परत येऊन पापड भाजले, चांगले भाजले. काकूंचा घसा नुसता खवखवला. मागे जाऊन बघतात तर फिंचेस पिंजऱ्याच्या तळाशी. स्वयंपाकघर ते ती खोली, मध्ये अख्खा पॅसेज. "पिंजरा लांब आहे" यावर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

परभणीचा_व्हेट (अजून शिकतोय)

पक्षीच का, ते सांगतो. आपण हवा आत घेतो आणि त्याच वाटेने बाहेर सोडतो, थोडी जुनी हवा आत उरतेच. पक्ष्यांत फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि फुप्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते. श्वास घेतानाही ताजी हवा, सोडतानाही ताजी हवा. उडायला लागणारा प्राणवायू त्यांना असा मिळतो, आणि विषारी वायूही तितक्याच झपाट्याने आत जातो. त्यात बजीचं वजन जेमतेम ३०-४० ग्रॅम. फुप्फुसात पाणी आणि रक्त भरतं.

लक्षणं: चोच उघडी ठेवून श्वास, प्रत्येक श्वासाला शेपूट वरखाली, घरघर, दांडीवरून तोल जाणं, झटके. कधी कधी यातलं काहीच दिसायला वेळ मिळत नाही.

असं झालं तर आधी पिंजरा उचलून घराबाहेर, जिन्यात, शेजाऱ्यांकडे, कुठेही. मग गॅस, मग खिडक्या. चोचीत पाणी, ग्लुकोज, मध काही ओतू नका. उतारा असा नाही, डॉक्टर ऑक्सिजन देतात आणि फुप्फुसांसाठी औषधं. मुंबईत परळचं जनावरांचं हॉस्पिटल पक्षीही बघतं, पण डोंबिवलीहून लोकलने परळ गाठेपर्यंतचा वेळ धरा. पक्षी बघणारा आणि ऑक्सिजन असलेला डॉक्टर तुमच्या भागात कोण, तो नंबर आजच काढून फ्रिजवर लावा. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी बघत नाहीत.

मिरची_लिंबूची_आई

बाप रे. ओटीपीची गोष्ट नवऱ्याला वाचून दाखवली. सेट परत जातोय, पिकअप उद्या आहे. सासूबाई एक तास गप्प होत्या, मग म्हणाल्या, "आमच्या कराडच्या घरी माळ्यावर बिडाचा तवा पडलाय की, तुझ्या आजेसासूचा." फोटो मागवला. दोन कानांचा आहे, पण पूर्ण तांबडा झालाय, गंजून. त्याचं काही होईल का?

आणि टोस्टर-इस्त्रीचं राहिलं. शिवाय बंड्याच्या पिंजऱ्याजवळ थंडीत आम्ही बल्ब लावतो, तो चालतो का?

अंबडचा_घनश्याम, नाशिक

टोस्टरच्या आतल्या पट्ट्या बहुधा पीटीएफईच्याच. थर्मोस्टॅट नीट असेल तोवर तो साधारण दोनशेच्या आसपास थांबतो, पण थर्मोस्टॅट चिकटला की कोण थांबवणार? तुमच्या घरात तरी मी वापरणार नाही. गॅसवर धरायचा जुना अ‍ॅल्युमिनियमचा सँडविच टोस्टर मिळतो, बिनकोटिंगचा बघून घ्या. एअर फ्रायरची जाळीही याच माळेतली, आणि तिच्या डोक्यावरच हीटर असतो. इस्त्री घ्याल तेव्हा साध्या स्टीलच्या तळाची. केक करत असाल तर टिन आणि ओव्हनमध्ये अंथरायची काळी चटईसुद्धा बघा.

बल्बचं विचारलंत हे बरं. साधा काचेचा चालतो. फुटू नये म्हणून वर कोटिंग दिलेले हीट लॅम्प येतात, त्यातल्या काहींवर पीटीएफई असतं, आणि त्याने कोंबडीची पिल्लं मेल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत.

बोरिवलीची_माई

कराडचा तवा! अगो, मग दुकानात जायचं नावच घेऊ नकोस. गंज म्हणजे बीड गेलं असं नाही. तडा गेलाय का तेवढं बघायचं. तवा कानाला धरून उलथण्याने हलकेच वाजव. टण्ण वाजला तर ठणठणीत, बद्द वाजला तर आत चीर आहे, मग कुंडीखाली ठेव. वाजला नीट तर तारेची घासणी, जाड मीठ आणि लिंबाची फोड घेऊन घास. तांबडं पाणी निघत राहील, निघू दे. तांबडं जाऊन करडा, खरखरीत दिसला की लगेच जाळावर वाळव, पाण्यात ठेवून झोपू नकोस, सकाळी पुन्हा तांबडा. मग शेंगदाण्याच्या तेलाचा अगदी पातळ हात, पुसून काढल्यासारखा. ओघळ राहिला तर तो चिकट होऊन बसतो. तापव, धूर येऊन थांबला की उतरव, गार कर, पुन्हा.

हे सगळं कराडलाच, मागच्या अंगणात, चुलीवर झालं तर उत्तम. डोंबिवलीत तवा पहिल्या घावनासाठीच यायला हवा. आल्यावरही नव्या तव्याचे पहिले काही दिवस पिंजरा बेडरूममध्ये, दार लावून, खिडकी उघडी. फोडणीचा ठसका, धूप, उदबत्ती, डासांची कॉइल, सगळ्यालाच तोच नियम लाव. आणि सासूबाईंकडे जुनी पितळेची भांडी असतील आणि कल्हईवाला दारात आला तर त्याला सोसायटीच्या गेटबाहेर बसव. नवसागराचा पांढरा धूर निघतो, तुझी खिडकी कुठल्या मजल्यावर आहे ते मला माहीत नाही.

मिरची_लिंबूची_आई

तिसऱ्या. गेटबाहेरच बसवते. सासूबाईंची धाकटी जाऊ शनिवारी कराडला जातेय, तिला घासायचं सगळं सांगितलंय. ती विचारतेय, कुरिअर केला तर चालेल का?

बोरिवलीची_माई

नको. बीड आपटलं की तडकतं. एसटीने आणायला सांग, जाड टॉवेलात गुंडाळून, पायाशी ठेवून. वरच्या रॅकवर ठेवू नको म्हणावं, घाटात सरकला तर कुणाच्या तरी डोक्यात जायचा.